एका मिनिटाची टेस्ट

इथे जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. चाची, तुम्हाला सलाम.

बोलायला जमेल का, हीच मला भीती होती. त्यात हा माईक. आत्ता मी तो हाताच्या उलट्या बाजूने शिवून पाहिला. झिणझिण्या येतात. मागे जाऊन वायर बघितली, तर पिनेला दोनच पाय आहेत. अर्थिंगचा तिसरा पाय कुणीतरी कापून टाकला आहे. माझ्या आधी चार जण हाच माईक धरून शब्बीरचाचांवर बोलले. करंटने गेलेल्या माणसावर, करंट उतरलेल्या माईकवरून. कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं, आणि चालते म्हणून सोडून दिलं. आपल्याकडे सगळंच चालते.

मी माईक बंद करतो. आवाज पोहोचत नसेल तर पुढे या.

माझं नाव राजू. दहावीनंतर शाळा सुटली. अक्षर बरं आहे म्हणून शेठनी कारखान्यात लेबल लावायला घेतलं. आपला कारखाना झटका मशीन बनवतो. शेताच्या कुंपणाच्या तारेला ती जोडली की रानडुकराला झटका बसतो आणि ते पळतं. दर सेकंदाला एक झटका, मध्ये तार मोकळी. माझ्या पहिल्याच दिवशी चाचा म्हणाले, "बेटा, एक गोष्ट ध्यानात ठेव. झटका हात सोडते. करंट हात धरते. आपली मशीन हात सोडनारी पाहिजे. एवढंच आपलं काम."

बाकी सगळं काम त्यांच्या टेबलावर व्हायचं. घरातली लाईट मशीनच्या आत येते, तिथून बॅटरी चार्ज होते. ती लाईट तारेपर्यंत कधीही पोहोचता कामा नये. मध्ये ट्रान्सफॉर्मरची भिंत असते. चाचा त्या भिंतीवर घरच्या लाईटच्या दहापट आणि वर जोर लावायचे आणि एक मिनिट मीटरच्या काट्याकडे बघत उभे राहायचे. त्या मिनिटात कुणी बोलायचं नाही. चहावालासुद्धा दारात थांबायचा. मग खिशातला रेडिओ मशीनशेजारी ठेवायचे. झटक्याबरोबर रेडिओत टिक टिक वाजली, तर ती मशीन परत. मी म्हटलं, रेडिओ आता ऐकतं कोण? ते म्हणाले, "नाई ऐकत तं नाई ऐकत. पन शेजाऱ्याच्या घरात आपला आवाज काऊन गेला पाहिजे?"

पास मशीनच्या लेबलावर चाचा सही करायचे, नापास मशीनला लाल कापडाची पट्टी बांधायचे. ती पट्टी चाचांशिवाय कुणी सोडायची नाही.

आत्ता आपले विक्रीवाले भाऊ इथे म्हणाले की शब्बीरभाई म्हणजे कारखान्याचा आत्मा. भाऊ, हाच आत्मा टेबलाशी उभा असायचा तेव्हा तुम्ही काय म्हणायचे, ते सांगू का? "काऊन चाचा, मशीन पाहून राह्यले का पोरगी पाहून राह्यले?" सगळे हसायचे. मीही हसलो आहे. चाचा काट्यावरची नजर न काढता म्हणायचे, "पोरगी पाहाले तं अख्खा दिवस लागते बेटा. इले मिनिटच लागते."

आणि शेठ. शेठ, तुम्ही आत्ता रुमाल डोळ्यांना लावला. तुमचं वाक्य वेगळं होतं. "अबे, दोन सेकंद लावला का झालं. मिनिटभर काऊन उभा राहून राह्यला?" चाचा म्हणायचे, "शेठ, मिनिट कुठी पळून नाई जाऊन राह्यला."

मंडळी, कारखान्याच्या भिंतीवर मशीन सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट आहे. काचेत, सोनेरी चौकटीत. ज्या मशीनला ते मिळालं, ती मशीन मी पाहिली आहे. ती एकच होती. चाचांनी स्वतः बांधली होती, चांगला ट्रान्सफॉर्मर घालून. ती लॅबला गेली आणि पास झाली. त्यानंतर विकायच्या मशीनमध्ये शेठनी आतला ट्रान्सफॉर्मर बदलला. बाहेरचा डबा तोच, रंग तोच, लेबल तेच, आणि आतली भिंत वार्निशच्या एका पातळ थराची. पाहुण्यांना दाखवायला एक सून आणि घरात नांदवायला दुसरी, असा हा व्यवहार. त्याला इथे हुशारी म्हणतात. मागच्या वर्षी व्यापारी मंडळाने त्या हुशारीचा सत्कारही केला. हारतुरे याच हॉलमध्ये होते.

नवा ट्रान्सफॉर्मर आल्यापासून लाल पट्ट्या वाढल्या. नापास मशीन ठेवायची मांडणी भरली. तेवढ्यात चाचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले. बाहेर धान निसवून लोंब्या आल्या होत्या, डुकरं शेतात उतरत होती, मूल तालुक्यापासून मार्कंड्यापर्यंत गावोगावचे फोनावर फोन. शेठनी चाचांच्या सहीचा रबरी शिक्का बनवून आणला.

पुढचं मी हळू सांगणार आहे, कारण ते मला स्वतःला ऐकायचं आहे. तेवीस मशीनच्या लाल पट्ट्या मी सोडल्या. तेवीस लेबलांवर तो शिक्का मी मारला. अगदी सरळ मारला. एकही तिरका नाही.

एका भाऊंनी आत्ता म्हटलं, काळाने झडप घातली. काळाच्या हातात शिक्का नव्हता, भाऊ. माझ्या हातात होता.

चाचा परत आले. डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मांडणी रिकामी दिसली. कोपऱ्यातल्या टोपलीत लाल कापडं होती. त्यांनी विचारलं, "राजू, हे कोनं सोडलं?" मी म्हटलं, मी. मला वाटलं, मारतील. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "गावाइची वही आन." कुठली मशीन कुठल्या गावी गेली, ते त्या वहीत लिहिलेलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ते एकटे मोटारसायकलवर निघाले. डॉक्टरने गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं होतं. जुन्या, तपासलेल्या मशीन पोत्यात बांधून न्यायच्या आणि नापास मशीन परत आणायच्या. बारा आणल्या. मी त्यांच्यासोबत एकदाही गेलो नाही. शेठ म्हणाले होते, जो जाईल त्याला काढून टाकीन. मी घाबरलो.

तेराव्या गावी काय झालं, ते त्या शेतातल्या बाईंनी मला सांगितलं. त्या आज आल्या आहेत, मागे दाराशी बसल्या आहेत. त्यांना कुणी खुर्ची दिलेली नाही. चाचा पोहोचले तेव्हा लाईट गेलेली होती. मशीन घरात, घराला कुलूप, बाई किल्ली आणायला गेल्या. बाई म्हणाल्या, "म्या म्हनलं, भाऊ, थांबा जरासे. ते म्हनले, शाळा सुटली बाई, पोरी तारेजवळून येऊन राह्यल्या." त्यांनी तार उलट्या हाताने शिवून पाहिली. मेलेली होती, मशीनची बॅटरीही उतरलेली असणार. मग दोन्ही हातांनी तार सोडायला लागले. आणि लाईट आली.

मशीन धड असती, तर एक झटका बसला असता. चाचांनी शिवी दिली असती, हात झटकले असते. भिंत फुटलेली होती. तारेने हात धरला. आयुष्यात एकदाच ते मिनिटभर थांबले नाहीत.

शेठनी पोलिसांना सांगितलं, "बटन बंद नाई केलं, त्याचीच चूक." म्हणजे ज्याने बटण बंद करायला उन्हात गावोगाव फिरावं, चूक त्याची. ज्याने भिंत पातळ केली, त्याच्या हातात आज हार होता. तो हार चाचांच्या फोटोला घालू नका, असं चाचींनी दोनदा सांगितलं. तरी घातलात. तुम्हाला ऐकायची सवयच नाही.

आता वही. ती मी आज कारखान्यातून उचलून आणली आहे. उद्या मला कामावरून काढतील. काढा. दहा मशीन अजून तारांवर आहेत. मी तीन दिवस फोन करतो आहे. सहा जणांनी मशीन काढून घरात ठेवल्या. चौघांचे फोन लागत नाहीत, त्यांची गावं जंगलात आहेत, तिथे रेंज नाही. धान अजून उभं आहे. शाळा रोज सुटते. मला गाडी चालवता येत नाही.

मघापासून इथे सगळे मोठे शब्द बोलले. मला त्यांतला एकही नको. मला चार मोटारसायकली हव्या आहेत.

आता आपण उभे राहू. चाची, तुम्ही बसून राहा. चाचांचं घड्याळ चाचींनी मला दिलं आहे. पूर्ण एक मिनिट, साठ सेकंद. चाचा रोज प्रत्येक मशीनसाठी एवढं उभे राहत होते, कुठल्यातरी शेतातल्या, कधीही न भेटलेल्या माणसासाठी. शेठ, तुम्हाला दोन सेकंद पुरत असतील, तर तुम्ही बसा.

मिनिट संपलं की मी वही घेऊन दाराशी उभा राहीन, त्या बाईंच्या शेजारी. ज्याच्याकडे गाडी आहे, त्याने तिथे यावं.

काटा बारावर येतो आहे. कुणी बोलू नका.