शेवटची खूण

ऑनलाइन लिलावात स्वस्तात मिळालं, असं कोणी म्हणालं की मला आमचा जीपीएस आठवतो. नवऱ्याने होडीसाठी जुना घेतला. चालू केला तर मासे मिळायच्या जागांच्या खुणा आत तशाच होत्या. विकणारी बाई त्या पुसायला विसरली होती. आमच्याकडे माणूस अशी जागा सख्ख्या भावालाही सांगत नाही, आणि आमची जाळी तर महिनाभर रिकामी येत होती.

"तिला सांगायला हवं," मी म्हटलं.

"कित्याक? पुसूक सांगात ती," नवरा म्हणाला.

"हळद अजून उतराक नाय, तवसर शिकवक लागली," सासूबाई म्हणाल्या. "दर्यो काय त्या बायलेच्या बापाशीचो आसा?"

मी तरीही फोन लावला, स्पीकरवर. विकणारी बाई देवगडकडची होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"खुणा माझ्या नवऱ्याच्या. होडी परत आली, ते नाही आले. वापरा तुम्ही, पोटाला लागतं. फक्त शेवटच्या खुणेवर जाळं टाकू नका. ते अजून सापडले नाहीत."

मी फोन ठेवला. मग सासूबाईंनी देवापुढचा नारळ उचलून नवऱ्याच्या हातात दिला.

"पयलो थंय, त्या शेवटच्या खुणेर, ह्यो सोड," त्या म्हणाल्या. "जाळा मगे, दुसरीकडे."