आण्णांसाठी सैल केलेली गाडी

माझी ती दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार आठवते ना? सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. नगरला आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

"गावी सोनईला न्या, पण डोळ्यांना धक्का नको," डॉक्टर म्हणाले.

एसटी नकोच, आणि माझी गाडी तर दगडासारखी कडक. मग अंगणातच गाडीखाली शिरून मी शॉकॲब्सॉर्बरचे, कडकपणा कमी-जास्त करायचे, स्क्रू सैल केले. बायको, कुसुम, पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घेऊन गाडीत माझ्या शेजारी बसली. गल्लीतून फेरी झाली की म्हणायची, "सांडलं. अजून सैल करा." पातळ चिंब झालं, तरी ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सोनईला घरापुढं गाडी थांबवली. डोळ्यांवर पट्टी बांधलेले आण्णा म्हणाले, "आरं, निघायचं कवा?"

एसटीनं पुढं आलेली कुसुम दारात उभी होती. मी तिला चक्क हात जोडले.