ग्वारीघाटचा धागा

सर्व्हिस सेंटरच्या बाकावर शशिकांत आपल्या स्कूटरची वाट बघत बसले होते. या हिंदी शहरात शेजारच्या नवरा-बायकोची मराठी कानावर पडली, तसा त्यांच्या हातातला पेपर आपोआप खाली आला.

"काल ओमतीच्या चौकात पुन्हा गाडी बंद पाडली तू. लोक हसून राहिले होते."

"हसू द्या."

"नवी आहे तोवर विकून टाकू, राजश्री. तुला स्कूटी घेऊ. गिअरची भानगडच नको."

"मोटरसायकलच चालवीन मी."

"काहून पण?"

"बरगीच्या रस्त्यावर काय वारा लागला तोंडाला! इतकी वर्षं मी तुमच्या मागं बसून फॅक्टरीत गेली, मला नुसती तुमची पाठ दिसली."

"तुझ्या हाताला क्लच जमतच नाही बापा."

"जमवीन. बंद पडली की पुन्हा चालू करीन."

मेकॅनिक हात पुसत आला.

"दीदी, क्लच पे इतना मोटा कलावा किसने बाँधा? लीवर पूरा दबता ही नहीं, गाड़ी तो बंद होगी ही।"

हसू लपवायला शशिकांतांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

"अहो, हा धागा ग्वारीघाटावर पूजेच्या वेळी तुम्हीच बांधला ना?"

"मग? म्हटलं, नर्मदामैया सांभाळेल तुला."

"भैया, काटो मत, पूजेचा आहे. मी सोडते... हं, सुटला. हात पुढं करा."

"कोण, मी?"

"भीती तुम्हालाच वाटून राहिली ना? मग तुमच्याच मनगटाला बांधते. झालं. चला, बसा मागं."