थोडीशीच धुरी

सर्दीने माझं नाक बंद होतं, पण कान अगदी ठणठणीत होते. दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवरचं वर्षभराचं बाळ खोकून खोकून लाल झालं होतं.

“आई, तुम्ही बाळाला धुरी दिलीत, असं सांगून आलेय मी आत.”

“थोडीशीच दिली गं.”

“एवढ्याशा खोलीत धूर कोंडल्यावर खोकणार नाही तर काय?”

“धूर कुठला? भरवली मी त्याला.”

“धुरी भरवली?”

“अगं, माझ्या माहेरी धुरावर सुकवलेल्या मासळीला धुरीच म्हणतात. आजोबांच्या वेळी धुरीची मासळी म्हणायचे. बोलता बोलता मासळी गळाली, नुसती धुरी राहिली.”

“काटे काढले होते ना?”

“दिसले तेवढे काढले.”

“आणि न दिसलेले?”

“अशी बघू नकोस माझ्याकडे. मिटक्या मारत होता तो.”

“आता श्वास ओढतोय, आई.”

तेवढ्यात कंपाउंडरने माझा नंबर पुकारला.

“काकू, तुम्ही जा आधी,” मी म्हणाले.

सून बाळाला घेऊन धावलीच, सासू तिच्या मागोमाग. दार अर्धवटच लागलं, त्यामुळे डॉक्टरांचा आवाज बाहेर येत होता.

“धुराचा त्रास ना? आधी वाफ देऊ या.”

“थांबा, डॉक्टर,” सासूबाई म्हणाल्या. “धूरबीर काही नाही. मासा भरवलाय मी. काटा राहिला असेल. आधी घसा बघा त्याचा.”