कवलापुरातून परत फिरण्याचे कारण

नाव : सौ. संयोगिता धैर्यशील निकम, वय : ३१ वर्षे, व्यवसाय : नोकरी (लॅब टेक्निशियन), राहणार : माधवनगर, ता. मिरज, जि. सांगली. मूळ राहणार : मेढा, ता. जावळी, जि. सातारा.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, मला विचारले तसे व मला माहीत आहे तसे सांगते की,

वरील पत्त्यावर मी माझी मुलगी शिवांजली, वय तीन वर्षे, हिच्यासह भाड्याने राहते. माझे पती सैन्यात असून सध्या जोधपूर येथे आहेत. सासूबाई मेढ्याला असतात. मी तासगाव येथे एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासणीचे काम करते. सकाळच्या एस.टी.ने जाते, संध्याकाळी येते. तेवढा वेळ मुलगी आमच्या गल्लीतील चंद्राबाई माने, वय अंदाजे अठ्ठावन्न, यांच्याकडे असते. चंद्राबाई विधवा असून एकट्या राहतात व कामावर जाणाऱ्या बायकांची मुले सांभाळतात. शिवांजली सहा महिन्यांची असल्यापासून त्यांच्याकडे आहे. सध्या अक्षता कांबळे यांचा दहा महिन्यांचा मुलगा प्रबुद्ध हाही तेथे असतो.

चंद्राबाईंचे बंधू भाऊसो यांनी पोलिसांना सांगितले आहे की माझा चंद्राबाईंवर राग होता. त्याबाबत सांगते की, ते खरे आहे. मुलीकडे दुर्लक्ष होते म्हणून राग नव्हता. माझी मुलगी त्यांना माय म्हणते व मला आई म्हणते. झोपेत घाबरून उठली की आई म्हणत नाही. रविवारी मी घरी असते तेव्हा ती चपला हातात घेऊन दाराशी बसते व "मायकडं जायाचं" म्हणते. संध्याकाळी तिच्या केसांना चंद्राबाईंच्या घरच्या तेलाचा वास येतो. मी रोज तिचे डोके धुते. थंडीतही धुतले आहे.

मुलीने पहिले पाऊल माझ्यासमोर टाकले असे मी समजत होते. तेव्हा मी पतींना व्हिडिओ कॉल केला होता व रडले होते. पुढे चंद्राबाईंचे शेजारी जालिंदर यांच्या बोलण्यातून कळले की ती त्याआधीच चंद्राबाईंच्या अंगणात चालत होती. मला वाईट वाटू नये म्हणून चंद्राबाईंनी ते सांगितले नव्हते. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतेच बोलू लागले. त्यांनी लपवले नसते तर मला इतका राग आला नसता.

याआधी दोन वेळा मी कामावर जाताना अर्ध्या वाटेतून परत आले होते, हेही खरे आहे. पहिल्या वेळी वाटले की त्या माझ्यामागे मुलीला माझ्याविरुद्ध काही शिकवतात. जाऊन पाहिले तर मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली होती. दुसऱ्या वेळी मी दारातच मोठ्याने बोलले. मुलगी रडली आणि चंद्राबाईंच्या मागे लपली. गल्लीतील लोक जमा झाले होते. तेव्हापासून मुलीने माझ्याच हातचे खावे म्हणून मी रोज डबा देत होते. घटनेच्या दिवशी डब्यात शिरा होता. तो डबा पोलिसांनी ताब्यात घेतला आहे. त्यात काही मिसळले होते असे भाऊसो म्हणतात, ते खोटे आहे.

घटनेच्या दिवशी, गुरुवारी, सकाळी थंडी होती. मी मुलीला सोडायला गेले तेव्हा चंद्राबाईंची खिडकी बंद होती. एरवी ती उघडी असते. त्या डोक्याला फडके बांधून दारात आल्या. एरवी मुलीला माझ्या कडेवरून ओढून घेतात, त्या दिवशी म्हणाल्या, "ठिवा खाली, येती चालत." मुलगी मात्र गेली नाही. तिने माझी ओढणी धरली व सोडेना. असे याआधी कधी झाले नव्हते. मला फार बरे वाटले. मी चंद्राबाईंकडे पाहून हसलेसुद्धा. मग ओढणी सोडवून घेतली, मुलीला आत दिले व स्टँडवर गेले.

बसमध्ये बुधगावपर्यंत मी आनंदात होते. पुढे तो आनंद राहिला नाही. काय झाले ते मला नीट सांगता येणार नाही. आधीच्या दोन्ही वेळी बसमध्ये माझ्या मनात भांडण तयार असे, मी काय बोलायचे, त्या काय म्हणतील, मग मी काय म्हणायचे. या वेळी मनात एकही वाक्य नव्हते. चंद्राबाईंवरचा रागही आठवेना. फक्त परत जायचे एवढेच कळत होते. मी स्वतःला सांगितले की हे तुझे नेहमीचेच आहे, गप्प बस, पुन्हा हसे होईल. तरी कवलापूरला बस थांबली तेव्हा मी उतरले. कंडक्टरने विचारले, "ताई, तासगावचं तिकीट हाय की तुमचं?" समोरून दुधाचा टेम्पो येत होता, त्याला हात केला व माधवनगरला परत आले.

मला कोणाचा फोन आला होता का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. माझा मोबाइल तपासावा.

चंद्राबाईंचे दार आतून बंद होते. हाका मारल्या, ओ आली नाही. मी शेजारी जालिंदर यांना दार तोडा म्हणाले. ते म्हणाले, "आवं वैनी, मागच्या बारीला बी तुमी अशाच आला हुता. म्हातारी दोन दिस जेवली न्हाई. मी न्हाई मधी पडनार."

मी म्हणाले, "मी भांडायला नाही आले."

"मग कशापायी आलाय?"

"माहीत नाही. पण तोडा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले व पहार आणली. कडी आतून लावलेली होती, हे त्यांनीही पाहिले आहे.

खोलीत धूर नव्हता, वासही नव्हता. मधोमध कोळशाची शेगडी होती, निखाऱ्यांवर राख धरली होती. प्रबुद्धला सर्दी झाल्याने, तो येण्याआधी खोली उबदार व्हावी म्हणून त्यांनी पहाटेच ती पेटवली होती असे नंतर कळले. चंद्राबाई कॉटला टेकून बसल्या होत्या, मान खाली पडली होती. दोन्ही मुले त्यांच्या अंगावर होती, एक एका हाताखाली, एक दुसऱ्या हाताखाली. मी शिवांजलीला उचलायला गेले तर चंद्राबाईंचा हात तिच्या फ्रॉकमध्ये घट्ट अडकला होता. तो मला सोडवावा लागला. त्या वेळीसुद्धा माझ्या मनात आले की बेशुद्धीतही सोडत नाही. हे लिहून घ्यावे.

आम्ही तिघांना अंगणात आणले. मुलीला उलटी झाली व ती रडली. प्रबुद्ध उशिरा रडला. चंद्राबाई शुद्धीवर आल्या नाहीत. जालिंदर यांनी ओळखीच्या जीपमधून सर्वांना सांगलीला दवाखान्यात नेले. बंद खोलीतील कोळशाच्या विषारी वायूने असे झाले व अजून थोडा उशीर झाला असता तर कोणी वाचले नसते, असे डॉक्टरांनी सांगितले. दोन्ही मुले आता धोक्याबाहेर आहेत. मुलगी वॉर्डात जागी झाली तेव्हा मी शेजारीच होते. तिने माझ्याकडे पाहिले व विचारले, "माय कुठं हाय?"

आज सकाळी चंद्राबाई शुद्धीवर आल्या. मी भेटायला गेले तेव्हा भाऊसो उठून बाहेर गेले. चंद्राबाईंनी आधी पोरांचे विचारले. मग म्हणाल्या, "तुमी म्हागारी कशा आला, ताई?"

मी म्हणाले, "वाटलं म्हणून."

त्यांनी मला जवळ बसायला खुणावले. मग म्हणाल्या, "मला बी सकाळी वाटत हुतं, आज पोरीला ठिऊन घिऊ नये. जीव घाबराघुबरा हुईत हुता. पन तुमाला न्हाई म्हनायला भ्याले. तुमी म्हनला असता, म्हातारीला आता पोर जड झाली."

मी तसेच म्हणाले असते. मी त्यांना तसे सांगितले. त्यावर त्यांनी माझा हात धरला.

पती व सासूबाई यांचे म्हणणे आहे की चंद्राबाईंविरुद्ध निष्काळजीपणाची तक्रार द्यावी व मुलीला मेढ्याला ठेवावे. माझी चंद्राबाईंविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. त्या बऱ्या होऊन घरी आल्या की मुलगी पुन्हा त्यांच्याकडेच राहील. कारण विचारल्यावरून सांगते की, कारण सांगता येत नाही. मुलगी त्यांच्याकडे धावत गेली की मला अजूनही वाईट वाटणार आहे, हे मला माहीत आहे. केस मात्र मी रोज धुणार नाही.

हा जबाब ठाणे अंमलदारांनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला व मी तो लक्ष देऊन ऐकला. त्यात एका ठिकाणी "संशय आल्याने परत आले" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावून "आतून वाटल्याने परत आले" असे करून घेतले. संशय आधीच्या दोन वेळी होता. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे, म्हणून खाली सही करते.

(सही)
सौ. संयोगिता धैर्यशील निकम