हवेतली पायवाट

२००६ साल. दिंडोरीच्या बसस्थानकावर नाशिकच्या गाडीच्या रांगेत तंत्रनिकेतनातले निवृत्त अध्यापक गायधनी उभे होते. त्यांच्यापुढे मोबाईल मुठीत घट्ट धरलेल्या वत्सलाबाई होत्या आणि त्यांच्या शेजारी राहणारा, टॉवरवर काम करणारा हर्षल. वत्सलाबाईंच्या यजमानांचे नाशिकला पोटाचे ऑपरेशन होते. लेक संध्या तिथे होती.

“हर्षल, रस्ता खोदताना केबल तुटली म्हणे. मग संध्याचा फोन लागेल का रे?”

“लागेल, काकू. जमिनीतली फायबर तुटली, पण टॉवरवर गोल डिश हाय ना, ती समोरच्या डोंगरावरच्या डिशशी बोलते. केबल तुटली की सगळं बोलणं हवेतून जातं.”

“तिकडं वळवायला कोण बसलंय?”

“कोणी नाय. आपोआप वळतं.”

“लय शहाणं म्हणायचं. आमचे बैल कासरा ओढूनबी वळत नाय.”

“पण फायबर म्हणजे हमरस्ता आन् डिश म्हणजे पायवाट. एका वेळी थोडेच फोन मावतात. बाकीच्यांनी थांबायचं.”

गायधनींनी मनोमन त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. तेवढ्यात फोन वाजला.

“बोल गं संध्या. शुद्धीवर आले? काय म्हणाले? बागेला पाणी सोडलं का? मग बरे हाय ते. सोडलं म्हणावं. ठेव आता.”

“काकू, काकांशी दोन शब्द बोलायचे ना.”

“नको. माझा जीव भांड्यात पडला. आता दुसऱ्या कुणाचा फोन लागू दे.”