दिनूभाऊच्या बंदुकीची दुर्बीण

बंदुकीचं नावच नको काढू बाप्पा! शेंदूरजनाघाटच्या आमच्या संत्र्याच्या बागेत वांदरं डबे बडवले तरी हालत नव्हते, मनून मोठ्या भावानं, दिनूभाऊनं, छर्‍याची स्वस्त बंदूक आणली. फट्ट आवाज झाला का टोळी नाल्यापार! पण भाऊ मोबाईलवर व्हिडिओ पाहून बिघडला. आधी दुर्बीण बसवली, मंग नवी स्प्रिंग, मंग आवाज दाबून टाकनारी नळी. बंदुकीहून सामानच महाग!

मी म्हटलं, "भाऊ, तू वांदराले मारशीन का?"

"मारुतीले कोन मारते बे? हवेतच सोडतो."

"मंग नेम कायले पायजे?"

"तुले नाही समजत त्यातलं."

संत्रा पिवळा झाला अन् टोळी आली. भाऊनं चाप ओढला. फुस्स! एकाही वांदरानं मान वळवली नाही. पुन्हा फुस्स! नळी काढाले गेलो, तर ती अशी गच्च बसलेली का निघेच ना. सारा बहार डोळ्यादेखत गेला.

भाऊ बांधावर बसला, दुर्बिणीले डोळा लावून. मी इचारलं, "काय पाहून राहिला?"

"लय साफ दिसते गा. साल काढून खाऊन राहिले."